पानात पान

आमच्या वाचनालयातला तारखेचा शिक्का गेल्या शनिवारपासून उठत नाही. म्हणजे ठसा उत्तम उठतो. शिक्काच उठत नाही. एकदा पुस्तकावर टेकवला की टेकलेलाच. मग मी एका हाताने पुस्तक धरते, दुसऱ्या हाताने शिक्का ओढते आणि समोरचे वाचक ‘मॅडम, सावकाश’ म्हणत तिसरा हात लावतात. शाईच्या पॅडमध्ये कुणीतरी डिंक ओतला होता. चौकशी केली तेव्हा आरोपी म्हणाला, “मॅडम, ते वाळलं होतं ना, म्हणून ओलं केलं.” हेतू शुद्ध असल्यामुळे त्याला सोडून द्यावं लागलं. सोडवायला तसाही वेळ लागला, कारण तोही टेबलाला चिकटलेला होता.

शनिवार हा आमच्या बालविभागाचा वार. दुपारी तीन ते पाच. अहवालात याला ‘बालवाचकांसाठी विविध उपक्रम’ म्हणतात. आमचे शिपाई मामा याला ‘चिकटवार’ म्हणतात आणि रविवारी फरशी त्यांनाच पुसायची असल्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. राहात्याच्या या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. लिपिकही मीच. आणि शनिवारी तीन ते पाच या वेळात मी कलाशिक्षक, न्यायाधीश, मलमपट्टीवाली आणि एक कात्री सोळा जणांना पुरवणारी रेशन दुकानदार असते.

सुरुवात कार्यकारिणीच्या सभेत झाली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्ग बघून अनुदान. मुलं वरच्या वर्गात जायला वाचतात. आमच्याकडे वाचनालयच वरच्या वर्गात जायला धडपडतं. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की वर्ग वाढवून घ्यायचा तर बालविभाग जिवंत दिसला पाहिजे. तेव्हा बालविभागात एक कपाट आणि एक पाल होती. त्यातली पालच काय ती जिवंत होती.

“मुलांना काहीतरी हस्तकला-बिस्तकला द्या. आपोआप वाचायला लागतील,” उपाध्यक्ष म्हणाले. त्या ‘आपोआप’वर मी तीन वर्षं काढली आहेत.

हस्तकलेतला माझा पूर्वानुभव सांगण्यासारखा नाही. सातवीत मी विणलेला रुमाल आमच्या बाईंनी ‘पायपुसणं’ या सदरात स्वीकारला होता. ग्रंथपालनाच्या वर्गात रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच सिद्धांत घोकून घेतले, पण केसांत गेलेला डिंक कसा काढायचा याबद्दल त्या पाचांत अवाक्षर नाही. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला सिद्धांत. तो मुलांना न शिकवताच येतो. मराठी विश्वकोशाचंच घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून हा डोंगर उभा करायला घेतला, १९७६ साली पहिला खंड आला, आणि आमच्याकडे आल्यापासून हे खंड कुणी जागचे हलवले नव्हते. आता दर शनिवारी त्यांना मागणी असते. चौघं मिळून एक खंड उचलतात, ताज्या चिकटवलेल्या भेटकार्डावर ठेवतात, आणि दाब पुरेसा नाही असं वाटलं तर वर पहिलीतला एखादा गडी बसवतात. मी प्रामाणिकपणे नोंदवहीत लिहिते : संदर्भग्रंथांचा वापर, समाधानकारक.

आधी अर्धा तास गोष्ट आणि मग हस्तकला, असा माझा बेत होता. मुलांनी तो घासाघीस करून पाच मिनिटांवर आणला. “मॅडम, बारकी गोष्ट सांगा.” मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला. फुरसुंगीचा पोरगा, सायकल, धाडस. माझं सगळं बालपण त्यात गेलं. आवाज चढवून, उतरवून, टॉक टॉक करून मी वाचत होते. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. मी थांबले. एका मुलीने हात वर केला. मला भरून आलं.

“मॅडम, यातलं काय चिकटवायचं?”

मग कोलाज सुरू केलं. त्यासाठी जुनीच वर्तमानपत्रं घ्यायची, असा नियम फळ्यावर लिहिला. फक्त ‘जुनं’ म्हणजे किती, ते लिहायचं राहिलं. सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा पेपर दुपारी तीन वाजता जुनाच असतो. साडेचारला एक अण्णा आले. वस्तीवरून गावात आले की ते बाजारभाव बघूनच परततात. त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पानाच्या मधोमध त्रिकोणी खिडकी होती आणि त्या खिडकीतून अण्णांचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

“मॅडम, कांदा कुठं गेला?”

कांदा समुद्रात होता. भिंतीवर निळ्या क्रेप कागदाच्या लाटा, लाटांवर होडी आणि होडीच्या शिडावर तालुक्यातल्या कांद्याचे आजचे भाव. अण्णांनी चष्मा लावला, भिंतीला नाक टेकवून शिड वाचलं आणि मान हलवली.

“घसरला की वो.”

“अहो, ओला आहे अजून कागद. वाळला की बसेल नीट.”

“कागद नाही, भाव.”

दिवाळीत आकाशकंदिलांची कार्यशाळा ठेवली. पंधरा मुलं आली आणि त्यांच्याबरोबर पंधरा आया आल्या. दहा मिनिटांत आया खाली मांडी घालून कामट्या बांधत होत्या आणि मुलं अंगणात लपाछपी खेळत होती. “तो घाण करतो हो मॅडम, द्या मीच करते. बक्षीस आहे ना?” आयांमध्ये घोटीव कागदावरून अशी खडाजंगी झाली की मला ‘शांतता राखा’ ही पाटी पहिल्यांदाच पन्नाशीच्या आसपासच्या लोकांना दाखवावी लागली. पहिलं बक्षीस एका दुमजली, फिरत्या, आतून वायरिंग केलेल्या कंदिलाला गेलं. बक्षीस घेताना विजेत्याला विचारलं, “कसा रे केलास एवढा सुंदर?” तो म्हणाला, “मला नाही माहीत. पप्पांनी हातच लावू दिला नाही.” टाळ्या झाल्या. पप्पा लाजले.

यावर उपाय म्हणून मी पुण्यात शोभा भागवतांनी उभ्या केलेल्या गरवारे बालभवनाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सार माझ्या परीने असं काढलं की मोठ्यांनी लुडबूड करू नये, मुलांना मोकळं सोडावं. पुढच्या शनिवारी आयांना दाराबाहेर ठेवून मी मुलांना मोकळं सोडलं. त्यातली चार बस स्थानकावर सापडली, दोन रसवंतीत. एक घरी जाऊन झोपलं होतं. बालभवन चालवायला ते तत्त्व तर लागतंच, पण फाटकाला कडीही लागते.

पुस्तकात ठसेकामासाठी भेंडी सांगितलेली असते. डिसेंबरात भेंडी महाग होती आणि राहात्यात पेरू कुठेही हात घातला की मिळतो. आमचा पेरू पंचक्रोशीत नावाजलेला. हमरस्त्यावर पाट्या लावून बसलेल्या मावश्या गाड्या थांबवून तो खायला घालतात. मी म्हटलं, आपल्या मातीतली हस्तकला करू. पेरू आडवा कापला की आत बियांचं काय सुंदर वर्तुळ दिसतं! वीस पेरू, चाळीस ठसे, तीन रंग. मुलं कामाला लागली आणि वाचनालयात अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मी अभिमानाने ‘शांतता राखा’च्या पाटीकडे पाहिलं. मग लक्षात आलं, ही शांतता ठसे उमटवण्याची नव्हती. चावण्याची होती.

“मॅडम, तिखटमीठ आहे का?” निळ्या जिभेने विचारण्यात आलं.

संध्याकाळी फोन सुरू झाले. “मॅडम, आमच्याची जीभ निळी झालीय. काही चावलं का त्याला?” म्हटलं, “चावलं काही नाही. त्यानेच चावलं.” मग बारा पालक समक्ष आले. रंग पाण्याचे होते आणि डबीवर ‘बिनविषारी’ असं छापलेलं होतं. ते मी सर्वांसमोर मोठ्याने तीनदा वाचून दाखवलं. मी वाचलेलं आणि श्रोत्यांनी जिवाचा कान करून ऐकलेलं त्या वर्षातलं तेवढंच साहित्य.

आमचं वाचनालय नगर-मनमाड रस्त्याला लागून. शिर्डी इथून पाच-सहा किलोमीटर. त्यामुळे गावात आलेला दर तिसरा माणूस ‘शिर्डी किती लांब?’ विचारतो आणि उरलेले दोघे चप्पल काढायला जागा शोधत असतात. एका शनिवारी बाहेर तीस-पस्तीस चपलांचा ढीग बघून एक तेलुगू कुटुंब गाडीतून उतरलं, ढिगात आपली भर घातली आणि हात जोडून आत आलं. डिंकासाठी लागलेल्या रांगेत शिस्तीने उभंही राहिलं. “दर्शन?” त्यांच्यातल्या गृहस्थांनी विचारलं. मी म्हटलं, “हस्तकला.” त्यांनी मागे वळून घरच्यांना बहुधा असं सांगितलं की इथे आधी हस्तकला करावी लागते, मग सोडतात. सगळे खाली बसले. त्यांच्यातल्या आजींनी माझ्या हातातला, मी वीस मिनिटं कुस्करत असलेला कागद काढून घेतला आणि चार घड्यांत त्याचं टपोरं झेंडूचं फूल केलं. मुलं मला सोडून त्यांच्याभोवती गोळा झाली. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. फुलं मात्र पटापट येत होती. साईबाबा राहात्याहून झेंडू, जाई-जुईची रोपं शिर्डीला नेऊन लावत, असं साईसच्चरितात आहे. त्या दिवशी राहात्याहून शिर्डीला कागदी झेंडू गेला. जाताना आजोबांनी दानपेटी शोधली. आमच्या खजिनदारांनी चपळाईने वर्गणीचं पावती पुस्तक पुढे केलं. आमच्या वाचनालयाला एक आजीव सभासद आता तेलंगणात आहे.

समारोप हा तर उपक्रमाचा आत्मा. मुलांना समारोप लागत नाही. त्यांचा पाच वाजता आपोआप होतो. पण कार्यकारिणीला पाहुणे लागतात. पाहुण्यांना हार-नारळ न देता पुस्तक देऊन सत्कार करायचा, हे आमचं पुरोगामी धोरण. पाहुणे वाचनाचं महत्त्व चाळीस मिनिटं सांगतात आणि जाताना ते पुस्तक खुर्चीवर विसरतात. त्यामुळे आम्हाला गेल्या तीन वर्षांत एकच पुस्तक पुरलं आहे. अकरा सत्कार झाले त्याचे. कागद फक्त वरचा बदलायचा. तोही आता मुलं बदलतात, हस्तकला म्हणून.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा तर हस्तकलेला सुवर्णकाळ आला. जुन्या नावाची तीनशे प्रमाणपत्रं कपाटात पडून होती. फेकायची कशी? खजिनदारांनी नव्या नावाच्या चिठ्ठ्या छापल्या आणि मुलांकडून चिकटवून घ्यायचं ठरलं. मुलांनी दोन तासांत तीनशे चिठ्ठ्या लावल्या. सत्तर उलट्या लागल्या. काहींनी जिल्हा मुलाच्या नावावर चिकटवला, त्यामुळे ‘कुमार अहिल्यानगर यांनी उत्साहाने भाग घेतला’ अशी प्रमाणपत्रं वाटली गेली. कुणाचीही तक्रार आली नाही. प्रमाणपत्र फोटो काढण्यासाठी असतं. ते वाचणारा पालक मला अजून भेटायचा आहे.

हिशेब तपासायला आलेले साहेब मात्र वाचतात. “मॅडम, डिंक अठरा बाटल्या?”

“ग्रंथबांधणी.”

“दोरा?”

“बांधणी.”

“टिकल्या, पाकिटं चोवीस?” त्यांनी चष्म्यावरून माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मी म्हटलं, “सर, त्या मोराला लागल्या.” त्यांनी मोर बघायला मागितला. मोर कपाटात होता. खजिनदारांनी काटकसर म्हणून तो मैद्याच्या खळीने चिकटवायला लावला होता, आणि कपाट उघडलं तेव्हा मोराचा पिसारा मुंग्यांनी नेला होता. टिकल्या तेवढ्या ओळीने मागे होत्या. साहेबांनी मोजून घेतल्या. त्या दिवसाच्या ‘उपस्थिती’त मुंग्या धरता आल्या असत्या तर आमचा वर्ग वाढला असता.

आता शेवटचा प्रकार. ग्रंथपालाने तो लिहू नये, पण शिक्क्याने माझी अब्रू आधीच गेलेली आहे. पावसाळ्यानंतर आम्ही वाळलेल्या पानांची चित्रं करायला घेतली. पानं सपाट वाळवायची तर जड काहीतरी हवं, म्हणजे अर्थात विश्वकोश. पिंपळ, जास्वंद, कडुनिंब, पेरू. मुलांनी आपापलं पान आणलं, दोन कागदांत घालून आपापल्या खंडात सरकवलं. मी बजावून सांगितलं, पान क्रमांक लक्षात ठेवा. सगळ्यांनी ‘होऽऽ’ म्हटलं. तीन शनिवारांनी पानं काढायची वेळ आली.

“मॅडम, माझं पान सापडंना.”

“कोणत्या पानात ठेवलं होतंस?”

“पानातच.”

“अगं, पान नंबर काय?”

“त्याच्यावर नंबर नव्हता. पेरूचं होतं.”

बाकीच्यांनी युक्ती काढली. खंड उलटा धरायचा आणि दोघांनी मिळून झटकायचा. पान खाली पडतं. पान पडत होतं, कधी झाडाचं, कधी विश्वकोशाचं. दोन खंडांची बांधणी सुटल्यावर मी झटकण्यावर बंदी घातली. तोवर सगळ्यांची पानं मिळाली होती. उरली एकटी तिसरीतली ही मुलगी. ती ‘प’च्या खंडासमोर मांडी घालून बसली आणि एकेक पान उलटायला लागली.

पाच वाजले, मुलं गेली, मामांनी खराटा काढला. ही बसलेलीच.

“मॅडम, इथं पेरू लिहिलंय, पण पेरू नाहीये. देश आहे.”

मी जाऊन बघितलं. तो दक्षिण अमेरिकेतला पेरू होता. तिला फळाचीही माहिती काढून दिली. पेरूचं झाड मूळचं अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं, असं सांगितलं. राहात्याच्या पोरीला हे सहन होण्यासारखं नव्हतं. तिच्या आजोबांची पेरूची बाग आहे.

“म्हणजे आपला पेरू इथला नाही?”

“आता इथलाच.”

“मग तिकडच्या लोकांना माहितीये का, आपल्याकडं चांगला येतो ते?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने खंड घरी मागितला. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, हा नियम मी सांगितला आणि सांगताना पहिल्यांदाच मला त्या नियमाचा उपयोग कळला. ती सोमवारी शाळा सुटल्यावर आली. मंगळवारी आली. वाचक स्वाक्षरीच्या वहीत मोठ्या पेन्शनरांच्या सह्यांखाली आपलं नाव लिहिते आणि पुढे कंसात लिहिते : पान शोधायला. शनिवारी मात्र येत नाही. विचारलं तर म्हणाली, “शनिवारी लई गोंधळ असतो मॅडम, वाचता येत नाही.”

यंदाच्या अहवालात मी लिहिलं आहे : उपक्रम भरघोस, उपस्थिती भरघोस, वाचकांत वाढ, एक.

एक कबुली राहिली. पेरूचं ते पान मला गुरुवारीच सापडलं. खंड पुसताना अलगद हातात आलं; वाळून तपकिरी, शिरा न् शिरा दिसत होती. मी इकडे-तिकडे पाहिलं आणि ते पुढच्या खंडात मध्यावर ठेवून दिलं. तीन वर्षांच्या हस्तकलेत मला न चुरगळता, न चिकटता जमलेलं हे एवढं एकच काम. तेव्हा तुम्ही कधी शिर्डीला जाता-येता आमच्या वाचनालयात डोकावलात, तर चपला काढून जरूर आत या, विश्वकोशही चाळा. पान दिसलं तर तिथेच असू द्या. आणि शिक्क्याला हात लावू नका.